लेकीला बहीणच राहू द्या

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो, मी रबाळे एमआयडीसीत नोकरीला आहे. मुलगा 24 वर्षांचा. अडीच वर्षांपूर्वी घोडबंदर रोडवर त्याची बाइक घसरली, डोक्याला जबर मार लागला, ऑपरेशन झालं, 19 दिवस आयसीयूत होता. आता चालतो, बोलतो, हाताने जेवतो. पण काहीच करत नाही. सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाही. परवा गॅसवर दूध ठेवलं, ते उतू जाईपर्यंत समोर उभा राहून बघत होता. मला वाटतं आता आळशी झालाय. मुलगी बारावी सायन्सला आहे, पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी. दहावीला 91 टक्के होते, अकरावीला 78वर आली, कारण रात्री घर झोपलं की ड्रॉइंग करत बसते. बाकी गुणी आहे. भावाच्या गोळ्या, जेवण तीच बघते. आमच्यानंतरही तीच बघणार. तर तिने फिजिओथेरपी करावी की सायकॉलॉजी? म्हणजे त्याचे उपचार घरच्या घरी होतील आणि तिला नोकरीही मिळेल. ती आर्किटेक्चर म्हणते. तुम्ही तिला समजवा.

उत्तर : तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, इथे थोडक्यात दिलं. त्यातली साडेतीन पानं मुलाबद्दल आहेत. आयसीयूबाहेरच्या खुर्चीवर ज्याने 19 रात्री काढल्या, त्या बापाच्या मनात दुसरं काय असणार? पण उरलेल्या अर्ध्या पानात मुलीचे मार्क दोनदा आलेत आणि तिचं नाव एकदाच. ‘आमच्यानंतरही तीच बघणार’ हे तर तुम्ही रेशनकार्डावर नाव असावं तसं लिहून गेलात. हे कोणी ठरवलं? ती 17 वर्षांची आहे. तिला कोणी विचारलं होतं का?

अपघात झाला तेव्हा तिचं दहावीचं वर्ष सुरू होत होतं. हॉस्पिटलच्या फेऱ्या, आईबाप घरात नाहीत, जेवण शेजारचं, अशा वर्षात तिने 91 टक्के आणले. त्यानंतर तुम्ही कामावर परत गेलात, घराचा रोजचा गाडा तिच्यावर आला आणि मार्क 78वर आले. तुम्ही दोष ड्रॉइंगला दिलात. मला उलटं दिसतं. कॉलेजातून आल्यापासून भावाच्या झोपेपर्यंत ती त्याची आहे. रात्री अकरानंतरचे ते दोन तास तेवढे तिचे स्वतःचे आहेत. तेही काढून घेतलेत तर ही मुलगी मोडेल, आणि तुम्हाला कळणारही नाही, कारण ती गुणी आहे. गुणी मुलं तक्रार करत नाहीत.

समजावायचं आहे ते तुम्हालाच. भावावर उपचार करता यावेत म्हणून बहिणीने कोर्स निवडायचा, ही कल्पनाच चुकीची आहे. सर्जन घरच्या माणसावर स्वतः सुरी चालवायचं टाळतो. समुपदेशक आपल्या नात्यातल्या माणसाला क्लायंट म्हणून घेत नाहीत, तसा आमच्या कामाचा नियमच आहे. उपचार करणाऱ्याला कधी कठोर व्हावं लागतं, कधी संध्याकाळी सहाला दार लावून घरी जावं लागतं. बहिणीला यातलं काहीच करता येणार नाही. शिवाय त्याला बहीण उरणार नाही, हे वेगळंच. मित्र एकेक करून येईनासे झाले असं तुम्हीच लिहिलंय. मग सिनेमावरून त्याच्याशी भांडायला कोण उरलं? तीच ना?

आता त्या ‘आळशी’बद्दल. चालायला लागला म्हणजे बरा झाला, आता जे करतो ते मुद्दाम, हा समज मी डोक्याला मार लागलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि त्याने फार नुकसान होतं. कपाळामागचा मेंदूचा भाग काम ठरवणं, ते सुरू करणं, मध्ये थांबवणं, राग आवरणं ही कामं सांभाळतो. बाइकवरून पडताना डोकं आपटतं तेव्हा याच भागाला इजा होणं फार सर्रास घडतं. दूध उतू जातंय हे तुमच्या मुलाला दिसत होतं, गॅस बंद करायचा असतो हेही त्याला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हात पुढे जाणं यांच्यामधला दुवाच जखमी आहे. याला आळस म्हणायचं तर लंगडणाऱ्यालाही आळशी म्हणावं लागेल. आळशी माणूस टाळतो आणि मनातून सुखावतो. हा तर आंघोळीला उठत नाही आणि उठता येत नाही म्हणून चिडतो. त्यातच मेंदूचा थकवा असतो. टीव्ही, कुकरची शिट्टी आणि दोन माणसांचं बोलणं एकाच वेळी कानावर पडलं की तासाभरात तो रिकामा होतो. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, नंतर वेग मंदावतो हे खरं. पण शिकवलं तर माणूस वर्षानुवर्षं शिकत राहतो.

हे शिकवतं कोण? तुम्ही फिजिओथेरपी म्हणालात, पण तुमचा मुलगा चालतोय. त्याला गरज आहे ऑक्युपेशनल थेरपिस्टची. नावामुळे लोकांना वाटतं, नोकरी लावून देणारे असतील. रोजचं जगणं पुन्हा हातात आणून देणं हे त्यांचं काम, आणि आपल्या देशात त्याची पहिली शाळा मुंबईतच, केईएम रुग्णालयात, 1950मध्ये कमला निंबकरांनी सुरू केली. मी एकदा अशा सत्राला बसले होते. तुमच्या मुलाच्याच वयाचा एक जण चहा करत होता. ओट्यामागच्या टाइलवर सहा चिठ्ठ्या लावल्या होत्या : पातेलं, पाणी, गॅस सुरू, साखर-पावडर, दूध, गॅस बंद. पाचव्या चिठ्ठीपर्यंत सगळं नीट झालं. सहावीपाशी तो नुसता उभा राहिला. चहा वर येत होता, माझाच हात शिवशिवत होता. थेरपिस्ट बाईंनी शब्दही न बोलता त्या चिठ्ठीला बोट लावलं. त्याने गॅस बंद केला. तीन आठवड्यांनी बाईंनी पहिल्या पाच चिठ्ठ्या काढल्या, सहावी ठेवली.

तेव्हा पहिलं काम मुलाचं. त्याच्या न्यूरोसर्जनकडून चिठ्ठी घेऊन न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घ्या, म्हणजे लक्ष, स्मरण, नियोजन यातलं नेमकं काय दुखावलंय ते कळेल. मन खचलंय का हेही डॉक्टरांना स्पष्ट विचारा. फिट येऊ नये म्हणून गोळ्या सुरू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. गॅसपाशी सध्या त्याला एकटं सोडू नका. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था 1955पासून आहे. ऑक्युपेशनल थेरपी, वाचा-उपचार, व्यवसाय मार्गदर्शन तिथे एका छताखाली मिळतं. ठाणे, दादर आणि मग महालक्ष्मी, असा प्रवास आहे. फक्त सकाळच्या गर्दीत नेऊ नका, ती लोकल त्याला सोसणार नाही. नेरूळच्या ज्या कॉलेजची तुम्ही मुलीसाठी चौकशी करताय, तिथे ऑक्युपेशनल थेरपीची ओपीडी आहे का ते मुलासाठी विचारा. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे. तिथला भर लहान मुलांवर आहे, तरी मोठ्यांसाठी काय आहे ते प्रत्यक्ष जाऊन विचारा.

दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. 2016च्या कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे, पण मेंदूला मार लागल्याने येणारं असं वेगळं नाव त्यात नाही. म्हणून कित्येक घरं अर्जच करत नाहीत. प्रमाणपत्र अपघाताचं नसतं, मागे काय उरलं त्याचं असतं : हालचाल, वाचा, बुद्धी, मन. तपासणीचे सगळे कागद घेऊन यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज भरा. 40 टक्के किंवा जास्त ठरलं तर आरक्षणापासून बऱ्याच गोष्टींची दारं उघडतात.

ब्रिटनमध्ये हेडवे ही संस्था 1979पासून फक्त मेंदूला इजा झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करते, ठिकठिकाणी तिचे गट आहेत. आपल्याकडे जोधपूरचे युवराज शिवराजसिंह 2005मध्ये पोलो खेळताना पडले, त्यानंतर त्यांच्या वडिलांनी 2007मध्ये इंडियन हेड इंज्युरी फाउंडेशन काढलं. पण असा गट ऐरोलीच्या नाक्यावर सापडेल अशी परिस्थिती अजून नाही, आणि याचा मला राग येतो. दवाखाना जीव वाचवून माणूस घरी पाठवतो आणि तिथून पुढची 40 वर्षं घरातल्या एका बाईच्या खांद्यावर टाकली जातात. आई असते तोवर आई, मग बहीण. तुम्ही वाईट नाही आहात. दुसरी वाट कोणी दाखवली नाही म्हणून तुम्ही लेकीकडे बघितलंत. न्यूरोसर्जनच्या ओपीडीबाहेर तुमच्यासारखी दोन-चार घरं बसलेली असतात. त्यांचे नंबर घ्या, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमा. मुलं एकमेकांना भेटतील, आयांना दोन तास बोलता येईल. ठाण्याची आयपीएच ही संस्था 1990पासून मानसिक आरोग्याचं काम करते. तिथे आधी तुम्ही आणि तुमच्या पत्नी जा, स्वतःसाठी.

आता मुलीचं. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दोन्हींना ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा लागते. सायकॉलॉजीत उपचार करण्याइतकं शिकायला बीएनंतर बरीच वर्षं जातात. आर्किटेक्चर पाच वर्षांचं, प्रवेश ‘नाटा’ या आर्किटेक्चरच्या प्रवेश परीक्षेच्या किंवा जेईईच्या आर्किटेक्चर पेपरच्या गुणांवर, आणि तिने गणित सोडलेलं नाही, म्हणजे वाट मोकळी आहे. उद्या तिलाच आतून वाटलं की ऑक्युपेशनल थेरपी करावी, तर मी टाळ्या वाजवीन, माणसं हवीच आहेत तिथे. पण तो निर्णय तिचा असेल आणि तिचे पेशंट दुसऱ्यांच्या घरचे असतील.

तिला माझ्याकडे पाठवा, एकटीला, ड्रॉइंगच्या वहीसकट. नाटाचा सराव तोवर सुरू होऊ दे. रात्री अकरानंतर नको, संध्याकाळी सात ते नऊ, दार लावून. त्या दोन तासांत गोळ्या आणि जेवण तुम्ही बघा. पहिल्या दिवशी तुमचा मुलगा तिचं दार ठोठावेल. तेव्हा उठून त्याच्याजवळ तुम्ही जा.