दोन फेरेट, रोजची मारामारी आणि चावरं धाकटं

प्रश्न: ताई, आमच्याकडे 4 महिन्यांचं एक फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) आहे, त्याला सोबत हवी म्हणून मागच्या आठवड्यात 9 आठवड्यांचं दुसरं पिल्लू आणलं. एकत्र सोडलं की मोठं त्याचं मानगूट धरून फरफटत नेतं, धाकटं ओरडतं, आम्ही घाबरून लगेच वेगळं करतो. आणि धाकटं आमच्या हाताला रक्त येईपर्यंत चावतं. नाकावर टिचकी मारा असं सगळे सांगतात, मारू का?

उत्तर: नाही, टिचकी अजिबात मारू नका. मार खाल्लेलं पिल्लू हाताला घाबरतं आणि घाबरलेलं फेरेट अजून जोरात चावतं, हे मी खूप घरांत बघितलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

आधी दोघांचं बघू. मानगूट धरणं, फरफटणं, अंगावर लोळणं हा त्यांचा खेळच आहे, मानेची कातडी जाड असते त्यामुळे आपल्याला वाटतं तेवढं लागत नाही. तोंडातून कुकुक् कुकुक् आवाज येतोय, पाठ वाकवून वेड्यासारख्या उड्या चालल्यात, तर मजा चाललीय, मध्ये पडू नका. एखादी किंकाळी म्हणजे नुसती तक्रार. पण ओरडणं थांबतच नाहीये, भीतीने शी-शू होतेय, रक्त आलं किंवा मोठं धाकट्याला खाऊच देत नाही, तेव्हा मात्र लगेच वेगळं करायचं.

तुम्ही जरा घाई केली असं मला वाटतं. नवीन पिल्लू साधारण 2 आठवडे वेगळं ठेवतात कारण डिस्टेंपर (विषाणूमुळे होणारा संसर्गजन्य आजार) झाला तर फेरेट जवळजवळ वाचतच नाही, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवून लसीचं विचारून घ्या. तोपर्यंत पिंजरे वेगळे. डॉक्टर हो म्हणाले की अंथरुणं अदलाबदल करा, त्यांची नजर कमजोर आणि नाक तिखट, ओळख वासानेच होते. मग दोघांनाही नवीन असलेल्या जागेत 10-15 मिनिटं सोडा, रोज थोडं वाढवत न्या, आणि धाकट्याच्या मानेवर सॅमन माशाच्या तेलाचा एक थेंब लावा, मोठं चावायचं सोडून चाटत बसतं, हा उपाय मला फार आवडतो. काही जोड्या 2 दिवसांत एकत्र झोपतात, काहींना महिने लागतात.

आता हाताचं. भावंडांपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला किती जोरात चावायचं हे शिकायलाच मिळालेलं नसतं, ते आता तुम्ही शिकवायचं. चावलं की हात झटकू नका, कातडी फाटते आणि त्याला तो खेळ वाटतो. शांतपणे सोडवा, ठाम आवाजात "नाही" म्हणा आणि 2-3 मिनिटं एकटं ठेवा, पण त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात नको, ती जागा शिक्षेची वाटायला नको. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, एक जण हाताने मस्ती करतो आणि दुसरा ओरडतो असं झालं तर ते गोंधळतं. मस्तीला कापडाची खेळणी द्या, रबराची नको, तुकडे गिळले तर आतड्यात अडकतात. भुकेलं पिल्लूही चावतं, त्यांचं पोट 3-4 तासांत रिकामं होतं म्हणून खाणं कायम समोर असू द्या.

आणि धाकट्याच्या डोक्यावर पांढरा पट्टा आहे का ते बघा. अशी बरीच फेरेट बहिरी असतात, झोपेत अचानक उचललं की दचकून चावतात. ते झोपलेलं असताना मागून टाळी वाजवून बघा, कानही हलला नाही तर डॉक्टरांना सांगा, आणि उचलायच्या आधी नाकाजवळ हात नेऊन वास घेऊ द्या.