एमआरआयमध्ये पाठ उडणं आणि अंग तापणं: कधी बल्ब दाबायचा?

कमरेच्या एमआरआयमध्ये ठकठक सुरू झाली की पाठीचा एक स्नायू आपोआप उडत होता, शेवटी शेवटी अंगही तापलं, आणि आता नसेला काही इजा तर झाली नसेल ना, ही धास्ती तुम्हाला वाटतेय. मी १८ वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे, हा प्रश्न सतत ऐकते, म्हणून जरा नीट लिहिते.

ते उडणं यंत्रातल्या मोठ्या चुंबकामुळे नव्हतं. चुंबक तर कायम सुरूच असतं. आत ग्रेडियंट कॉइल, म्हणजे तारांची वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा बदलतो. तो ठोकल्यासारखा आवाजही त्यांचाच. इतक्या झपाट्याने चुंबकीय क्षेत्र बदललं की शरीरात बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो आणि नसा चाळवल्या जातात. पाठीत, खांद्यात, कुल्ल्यात कुणी आतून टिचक्या मारतंय असं वाटतं. सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा तो टप्पा, थांबला की तेही थांबतं. नसेला इजा होत नाही.

तापणं वेगळं. ते रेडिओ लहरींमुळे. दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) यंत्रात त्या सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या असतात. इतक्या वेगाला नस दाद देत नाही, त्या ऊर्जेची नुसती उष्णता होते. नेहमीच्या स्कॅनमध्ये ती सरासरी किलोमागे २ वॅटच्या आत ठेवतात. आधी वजन विचारतो ते याच हिशेबासाठी, तेव्हा खरं सांगत जा. सगळं अंग कोमट होणं, घाम येणं चालतं.

पण एकाच जागी चटका बसत असेल तर क्षणभरही थांबू नका, हातात दिलेला बल्ब, म्हणजे आम्हाला बोलावायचा रबरी फुगा, दाबा. एका बाईंच्या उघड्या पोटऱ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. ‘स्कॅन बिघडेल’ म्हणून त्या वीस मिनिटं सोसत राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा दोन्ही पोटऱ्यांवर, बरोबर समोरासमोर, नाण्याएवढे फोड. त्वचेला त्वचा टेकली की प्रवाहाला फिरायला कडं मिळतं. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या पायांमध्ये पॅड ठेवलंय का ते दोनदा बघते. तुम्हीही हात पोटावर गुंफू नका, आणि जरीचे किंवा धातूचा धागा असलेले कपडे आधीच बदला.

टेबल आत सरकताना गरगरलं असेल तर ते मात्र मोठ्या चुंबकामुळे. आतल्या कानातल्या द्रवावर त्याचा जोर पडतो. डोकं हलवलं नाही तर कमी जाणवतं.

कॉन्ट्रास्टचा (शिरेतून औषध देऊन करायचा) सीटी स्कॅन सांगितला असेल तर हेही माहीत असू द्या: इंजेक्शननंतर घशापासून ओटीपोटापर्यंत ऊब पसरते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाली की काय असं वाटतं. झालेली नसते, मिनिटाभरात ओसरतं. खाज सुटली, घसा आवळला किंवा श्वास लागला तर मात्र लगेच सांगा.

आज कातडीवर लाल डाग दिसतोय का, घरच्या कुणाला तरी पाठ बघायला सांगा. डाग असेल किंवा स्नायू अजूनही उडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढच्या वेळी ‘मागे पाठ उडाली होती’ एवढं टेक्निशियनला आधीच सांगा, सिक्वेन्समध्ये थोडा बदल करता येतो.