वाचकांचे प्रश्न : बिअर्डीला झालेला मुडदूस

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीत त्याच्या मामाने पुण्याहून बिअर्डेड ड्रॅगन या परदेशी सरड्याचं, म्हणजे बिअर्डीचं, पिल्लू आणून दिलं. तेव्हा ते वीतभर होतं. काचेच्या टाकीत वाळू घालून टाकी पूर्वेच्या खिडकीशी ठेवली आहे, सकाळभर छान ऊन येतं. रात्री साधा पिवळा बल्ब लावतो. खायला पालक, कोबी आणि मिळतील तसे रातकिडे. पंधरा दिवस झाले, ते नीट खात नाही. चालताना पाय थरथरतात, मागचे पाय ओढतं, हनुवटीखाली काळं पडतं. एकांनी सांगितलं, कॅल्शियम कमी पडलं असेल, विड्याचा चुना चाटवा. सासूबाई म्हणतात, सरडा घरात नकोच, रानात सोडा. मुलगा रडून रडून जेवत नाही. काय करू?
— एक आई, कराड

उत्तर : ताई, चुना अजिबात चाटवू नका. विड्याचा चुना दाहक असतो, त्या एवढ्याशा जिवाचं तोंड आणि घसा पोळेल. आणि सोडूनही देऊ नका. तो मूळचा ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातल्या कोरड्या, तापलेल्या माळांवरचा प्राणी. कराडच्या थंडीत, अशक्त पायांनी, तो एक रात्रही काढणार नाही. आणि परदेशातला प्राणी इथल्या रानात सोडणं त्याच्या आणि रानाच्या, दोघांच्याही वाईटाचंच.

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला मुडदुसाचाच दाट संशय येतो. लहान मुलांना होतो तोच म्हणा. हाडांतलं कॅल्शियम संपत जातं, हाडं मऊ पडतात, पाय थरथरतात, जबडा रबरासारखा लवतो. तो मऊ आहे का हे बघायला बोटाने दाबू नका, मोडेल. आमच्या भागात म्हैस व्याली की कधीकधी बसते, उठत नाही, मान पोटाकडे वळवून पडते. शिरेतून कॅल्शियमची बाटली सावकाश दिली की तासाभरात उभी राहते. सरड्याचं तसं होत नाही. म्हशीच्या रक्तातलं कॅल्शियम अचानक घसरलेलं असतं. तुमच्या पिल्लाचं शरीर मात्र कित्येक आठवडे स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढून रक्त सांभाळत आलं आहे. ते भरून यायला महिने लागतात.

आता तुम्ही म्हणाल, सकाळभर ऊन येतं की. इथेच बहुतेक घरांत चूक होते आणि त्यात तुमचा दोष नाही, कारण विकताना हे कुणी सांगत नाही. उन्हात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांतल्या यूव्हीबी किरणांनी सरड्याच्या कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम रक्तात शिरतं. खिडकीची साधी काच उजेड आत सोडते, थोडी ऊबही सोडते, पण यूव्हीबी जवळजवळ सगळे अडवते. तुमचं पिल्लू तर दोन काचांच्या आड बसलं आहे, खिडकीची एक आणि टाकीची दुसरी. म्हणजे दिवाळीपासून त्याने खरं ऊन अंगावर घेतलेलंच नाही. पिवळ्या बल्बातूनही हे किरण मिळत नाहीत.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. सांगलीत माझा दवाखाना आहे, पण निम्मं आयुष्य मिरजेच्या पूर्व भागातल्या गोठ्यांत गेलं. सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर पहिला बिअर्डी आला. पुढचे पाय दंडापासून मनगटापर्यंत गोल, भरलेले. मालक कौतुकाने म्हणाला, "मॅडम, बघा कसा गुटगुटीत आहे." मलाही तसंच वाटलं. खात नाही म्हणून जंताचं औषध देऊन पाठवून दिलं. दहा दिवसांनी तो परत आला तो मांडी मोडलेला, आणि नुसता टाकीतल्या फांदीवरून खाली उतरला होता. एक्स-रे काढला. हाड मांसापेक्षा पांढरं, ठळक उमटायला हवं. त्या फिल्मवर हाडं कुठे संपतात आणि मांस कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. तो गुटगुटीतपणा म्हणजे मऊ पडलेल्या हाडाभोवती शरीराने रचलेला तंतूंचा थर होता. तिसऱ्या दिवशी तो गेला. पहिल्या भेटीत मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, "दिवा कोणता आहे?" आता पाल, सरडा, कासव, काहीही टेबलावर आलं की आधी तेच विचारते.

म्हणून आजच्या आज करायचं ते सांगते. टाकीतल्या फांद्या, उंच दगड काढून टाका, त्याला चढू देऊ नका. उचलताना छाती आणि मागचे पाय दोन्हींखाली तळवा येईल असं धरा, शेपटीला हात नको. पालीची शेपटी तुटली तरी पुन्हा येते, त्याची येत नाही. सरपटणारे प्राणी पाहणारे पशुवैद्य गाठा. कराडात नसतील तर साताऱ्याला, कोल्हापूरला, पुण्याला फोनवर विचारा, पण हा आठवडा जाऊ देऊ नका. एक्स-रे काढायला सांगा. तोंडाने द्यायचं कॅल्शियम किती आणि किती दिवस हे वजनावर ठरतं, ते त्यांनाच ठरवू द्या. डी-३चे थेंब मनाने देऊ नका, जास्त झाले तरी मूत्रपिंडं जातात.

तोवर उन्हात न्या. टाकीसकट नव्हे. उन्हात ठेवलेली काचेची टाकी काही मिनिटांत भट्टी होते आणि त्यात सरडे मेलेले मी पाहिले आहेत. जाळीचा पिंजरा किंवा भाजीची मोठी उघडी पाटी घ्या, वर जाळी बांधा, अर्ध्या भागावर सावलीला फडकं टाका. दहा-साडेदहाला फरशी कोमट झाली की पंधरा-वीस मिनिटं अंगणात किंवा गच्चीवर ठेवा. मुलाने शेजारी बसून राहायचं, कारण कावळा आणि मांजर वाट बघत नाहीत.

कायमची सोय म्हणजे दोन दिवे. एक ऊब देणारा, टाकीच्या एका टोकाला, त्याच्याखालचा दगड ३८ ते ४० अंशांपर्यंत तापला पाहिजे. दुसरं टोक २५ ते २८ अंशांवर थंड. त्याला हवं तेव्हा तापायला आणि हवं तेव्हा निवायला जागा मिळाली पाहिजे, कारण अंगातली उष्णता तो स्वतः तयार करत नाही. दगडाला हात लावून अंदाज करू नका, तापमापक घ्या. अंग तापलं नाही तर अन्न पचत नाही, मग तो खात नाही. थंडीत कराडला पहाटे पारा १२-१४ अंशांवर येतो, तेव्हा टाकीवर रात्री गोधडी घाला, हवेला फट ठेवून. उजेडाचा बल्ब मात्र रात्री बंद. त्यालाही झोप लागते. रात्री ऊब द्यायचीच तर उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर मिळतो.

दुसरा दिवा यूव्हीबीचा, वाळवंटी सरड्यांसाठीची लांब ट्यूब. दिवसाचे बारा तास चालू, मध्ये काच किंवा प्लास्टिक नको, आणि पाकिटावर लिहिलेल्या अंतरावरच. ही ट्यूब महाग आहे, तरी तिच्यावर काटकसर करू नका. आणखी एक, ती दिसायला लख्ख जळत असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिच्यातले ते किरण संपत येतात. लावल्याची तारीख ट्यूबच्या पट्टीवर पेनाने लिहून ठेवा.

वाळू काढून टाका. अशक्त सरडा घासाबरोबर वाळू गिळतो आणि आतडं बंद होतं. तिच्या जागी शहाबादी फरशीचा तुकडा घाला, गवंड्याकडे पडलेला असतो. ऊब धरून ठेवते, नखंही घासली जातात, पुसायला सोपी.

खाण्याचं. पालक बंद. त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं. कोबीत दम नाही. आपल्याकडे यापेक्षा कितीतरी चांगलं मिळतं. गुरांना घालतात तो लसूणघास कॅल्शियमने भरलेला असतो, गोठेवाल्याकडे मूठभर मागा. शेवग्याचा कोवळा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची फुलं आणि पानं, किसलेला लाल भोपळा, दुधी. पिल्लू आहे तोवर पोट भरायचं ते मुख्यतः किड्यांनी, मोठं झालं की उलट, पाला जास्त आणि किडे कमी. किड्याचा आकार त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. देण्याआधी किडे डबीत घालून फॉस्फरस नसलेल्या कॅल्शियम पावडरीत घोळवा, भजी करताना पिठात घोळवतो तसं. आणि किड्यांनाही आदल्या दिवशी चांगला पाला खाऊ घाला, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. ओळखीत कुणी रेशीमशेती करत असेल तर त्यांच्याकडच्या अळ्या उत्तम.

रातकिडे शेतातून, बागेतून धरून आणू नका. तासगाव-पलूसकडच्या वाचकांना तर हात जोडून सांगते, द्राक्षबागेतला एकही किडा नको. फवारणीचं विष किड्यातून सरड्यात उतरतं. आणि पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत काजवे निघतात, मुलं हौसेने पकडतात. काजव्याच्या अंगात विष असतं आणि या सरड्यांना एक काजवाही मारू शकतो.

हनुवटी काळी पडणं म्हणजे तो त्रासात आहे, दुखतंय, घाबरलाय किंवा थंडी वाजतेय. ती काही वेगळी व्याधी नव्हे. दिवे लागल्यावर, दुखणं कमी झाल्यावर ती पुन्हा पांढुरकी होते, तुम्हालाच दिसेल. वाकडी झालेली हाडं मात्र पुरती सरळ होणार नाहीत. पण जबडा घट्ट होतो, पाय धरतात, थोडा वाकडा चालणारा बिअर्डी पुढे अनेक वर्षं मजेत जगलेला मी पाहिला आहे. नीट सांभाळला तर हा प्राणी दहा-बारा वर्षं जगतो आणि शेपटीसकट हात-दीड हात होतो. म्हणजे तुमचा मुलगा नोकरीला लागेल तेव्हाही तो घरातच असेल. मुलाला हे आत्ताच सांगा, आणि दिव्याची, तापमापकाची, अंगणात बसण्याची जबाबदारी त्याच्याकडेच द्या. त्याला रडण्यापेक्षा काहीतरी करायला हवं आहे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, सरडा आजारी आहे, आजाऱ्याला घराबाहेर काढायचं नसतं.

प्रश्न : आमच्याकडे बिअर्डी आहे आणि आता नात रांगू लागली आहे. काही धोका?
— एक आजोबा, सांगली

उत्तर : आहे, आणि तो टाळता येतो. सरपटणारे प्राणी दिसायला ठणठणीत असले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. मोठ्यांना जुलाब-ताप येईल, तान्ह्या मुलाला ते जिवावर बेतू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलाचा आणि या प्राण्याचा संबंध नकोच. त्याला नात रांगते त्या फरशीवर मोकळा सोडू नका. त्याची टाकी, वाटी स्वयंपाकघरातल्या मोरीत किंवा सिंकमध्ये धुऊ नका. हाताळल्यावर साबणाने हात, आणि त्याचा मुका घेणं बंद. (घेतात! मी पाहिलं आहे.)

प्रश्न : मी नववीत आहे. मला बिअर्डेड ड्रॅगन परवडत नाही. चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे असतात, त्यातला एक पकडून पाळला तर चालेल का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : नाही, बाळा. पण तू विचारलंस हे फार चांगलं केलंस, कारण तू ज्या सरड्याबद्दल लिहितोस तो बिअर्डीपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे आणि तुझ्या घरापासून एका एसटीच्या अंतरावर राहतो.

२०१६ साली शास्त्रज्ञांनी या पंखावाल्या सरड्यांचा एक नवा गट वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं 'सराडा', आपल्या 'सरडा' या मराठी शब्दावरून. त्यातली चाळकेवाडीची जात 'सराडा सुपर्बा', सुपर्बा म्हणजे देखणी. तिथल्या पवनचक्क्यांखाली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांमुळे ससाण्या-घारींसारखे शिकारी पक्षी त्या भागात कमी झाले, म्हणून सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी उशिरा पळू लागले, आणि नरांच्या गळ्याचे रंग मात्र फिके पडले. एवढ्या बारीक धाग्यांनी तो त्या पठाराशी बांधलेला आहे. त्याला डब्यात घालून घरी आणलास तर वर कराडच्या ताईंना लिहिलं ते सगळं त्याच्या वाट्याला येईल, आणि त्याच्यासाठी लागणारी परिस्थिती कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. घोरपड तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिला हात लावलास तर तुरुंगाची वेळ येऊ शकते. आणि पुढे कधी परदेशी प्राणी घ्यायचा झालाच, तर पक्की पावती घे आणि घेण्याआधी वनविभागात विचार. २०२२ मध्ये कायदा बदलल्यापासून वन्यजीवांच्या व्यापाराबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (साइटिस) यादीतल्या जातींची नोंदणी करावी लागते.

त्यापेक्षा असं कर. एप्रिल-मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, सज्जनगड-ठोसेघरच्या रस्त्याने चाळकेवाडीला जा. सकाळी नऊच्या सुमारास पोहोच, दगड तापू लागलेले असतात. टोपी आणि पाण्याची बाटली घे. एका ठिकाणी खाली बस, दगड उलटू नकोस, बोलू नकोस. दहा-पंधरा मिनिटांत एखादा नर समोरच्या दगडावर चढेल, पुढच्या पायांवर उभा राहील आणि गळ्याचा पंखा उघडेल, निळा, काळा, नारिंगी. उघडेल आणि मिटेल, पुन्हा उघडेल. वहीत वेळ लिही, दगड किती उंच होता ते लिही, शेजारी दुसरा नर होता का ते लिही. पाच-सहा सकाळींची अशी वही झाली की मला पाठव.