जनुकीय की आनुवंशिक? आणि ‘अनुवांशिक’चे काय?

प्रश्न असा आहे: त्वचेच्या कर्करोगावर मराठीत वाचताना ‘मेलॅनोमाचा फैलाव जनुकीय बदलांमुळे होतो’ आणि ‘मेलॅनोमाचा फैलाव आनुवंशिक बदलांमुळे होतो’ अशी दोन्ही वाक्ये भेटतात, अर्थ एकच समजायचा का? जोडीला उपप्रश्न: शुद्ध रूप आनुवंशिक की अनुवांशिक?

उपप्रश्न आधी उरकतो. शुद्ध रूप आनुवंशिक. ‘इक’ प्रत्यय लागला की शब्दातल्या पहिल्या स्वराची वृद्धी होते. इतिहासाचे ऐतिहासिक, अनुषंगाचे आनुषंगिक, तसे अनुवंशाचे आनुवंशिक. ‘अनुवांशिक’ बहुधा असे जन्मले असावे, की ‘वांशिक’ हा तयार शब्द कानावर होता आणि त्याच्या आधी ‘अनु’ चिकटवला गेला. वांशिक स्वतः निर्दोष आहे, पण तो वंशापासून झालेला वेगळा शब्द. संस्कृतात दोन्ही पदांची वृद्धी होणारेही काही शब्द आहेत, पारलौकिक, आधिभौतिक वगैरे. मात्र तिथेही पहिला स्वर सुटत नाही. त्यामुळे ‘अनुवांशिक’ला कुठल्याच वाटेने आत येता येत नाही. वर्तमानपत्रांत ते रोज छापले जाते, हा भाग निराळा. ‘जनुकीय’मध्ये ही कटकटच नाही, कारण ‘ईय’ वृद्धी मागत नाही: राष्ट्रीय, भारतीय, जनुकीय.

आता अर्थाकडे. जनुकीय म्हणजे जनुकाशी (इंग्रजीतल्या ‘जीन’शी) संबंधित, बस्स. ते जनुक आईबापांकडून तसेच आले, की वयाच्या पन्नाशीत पाठीवरच्या एका पेशीत बिघडले, याबद्दल हा शब्द काहीही बोलत नाही. आनुवंशिक म्हणजे मागच्या पिढीकडून आलेले आणि पुढच्या पिढीत जाऊ शकणारे. इंग्रजीतला ‘जेनेटिक’ ही दोन्ही कामे एकटा करतो आणि तिथल्या वाचकांचाही त्यामुळे गोंधळ उडतो. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर ते अदलाबदलीने वापरून तोच गोंधळ ओढवून घेण्यात काय हशील?

मेलॅनोमाइतके चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग. त्वचेच्या इतर कर्करोगांपेक्षा तो विरळा, पण दूरवर पसरण्याच्या खोडीमुळे त्या सगळ्यांत जास्त बळी घेणारा. २००२ मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने दाखवले की बऱ्याच मेलॅनोमांमध्ये बीआरएएफ हे जनुक बिघडलेले असते. आज हे प्रमाण साधारण निम्मे धरतात. बिघाड म्हणजे बहुतेक वेळा डीएनएतले एकच अक्षर बदललेले. परिणामी त्या जनुकाच्या प्रथिनात ६००व्या जागी व्हॅलिन या घटकाऐवजी ग्लुटामिक आम्ल हा दुसरा घटक बसतो आणि पेशीला ‘विभाग, विभाग’ हा निरोप अखंड मिळत राहतो. हा बदल रुग्णाच्या आईत नव्हता, बापात नव्हता, मुलांत उतरणार नाही. तो रुग्णाच्या हयातीत, त्याच्या एका रंगपेशीत झाला. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली गत. अशा बदलाला शास्त्रीय मराठीत ‘कायिक उत्परिवर्तन’ म्हणतात; उत्परिवर्तन म्हणजे डीएनएच्या अक्षरांतला बदल, इंग्रजीतले ‘म्युटेशन’. ‘कायिक, वाचिक, मानसिक’ म्हणत आलेल्यांना हा कायिक परका वाटू नये. जे कायेपुरते राहते आणि कायेबरोबर संपते ते कायिक. म्हणजे बीआरएएफचा हा बदल शंभर टक्के जनुकीय आणि शून्य टक्के आनुवंशिक.

म्हणीतला ‘वाण’ म्हणजे वर्ण, रंग. तो मात्र आनुवंशिक असतो आणि इथे त्याला महत्त्वही आहे. एमसी१आर जनुकाची काही रूपे लाल केस आणि पटकन भाजणारी गोरी त्वचा देतात, त्या लोकांना मेलॅनोमाचा धोका जास्त. याहून ठळक उदाहरण सीडीकेएन२एचे. त्यातून पेशीविभाजनाला लगाम घालणारे प्रथिन तयार होते. ज्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मेलॅनोमा दिसतो, त्यांतल्या काहींत हे जनुक जन्मतःच सदोष असल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. अशा घराण्यांबद्दल ‘आनुवंशिक’ बिनधास्त लिहावे. पण नीट पाहा: हे सगळे रोग कोणाला होण्याचा संभव जास्त, याबद्दल आहे. प्रश्नातली दोन्ही वाक्ये फैलावाबद्दल आहेत, म्हणजे झालेला रोग शरीरात दूरवर पसरण्याबद्दल.

आणि फैलावाची गोष्ट वेगळीच निघते. बीआरएएफचा तोच बदल अंगावरच्या साध्या, निरुपद्रवी तिळांतही सर्रास सापडतो. तीळ थोडा वाढतो, थांबतो आणि आयुष्यभर तसाच राहतो. म्हणजे तो बदल कर्करोगाची गाठ सुरू करायलासुद्धा एकटा पुरत नाही, पसरवायला तर नाहीच. मूळ गाठ आणि यकृतात किंवा मेंदूत गेलेल्या गाठी (डॉक्टर ज्यांना ‘सेकंडरीज’ म्हणतात) यांचे डीएनए ताडून पाहिले, तर रोग चालवणारे मुख्य बदल बहुतेक वेळा दोन्हीकडे तेच दिसतात. ‘हे जनुक बिघडले की रोग पसरला’ असे बोट ठेवावे, असे एखादे खास जनुक हाती लागलेले नाही. बदलते ते जनुकांचे चालू-बंद होणे. एमआयटीएफ नावाचे एक जनुक रंगपेशीला रंगपेशी ठेवते. त्याचा जोर ओसरला की पेशी विभाजन आवरते आणि सरकू लागते, नव्या जागी जोर परत आला की पुन्हा वाढू लागते. डीएनएतले अक्षर एकही न बदलता हे होते आणि उलटेही फिरते. खरे तर हा प्रवास या पेशींना नवा नाही. गर्भावस्थेत पाठीच्या कण्याजवळून निघून शरीरभर पसरत त्या त्वचेत येतात, त्यामुळे चालण्याचा सगळा सरंजाम त्यांच्यापाशी आधीच असतो. याला ‘जनुकीय बदल’ म्हटले तर चूक नाही, पण वाचक त्यातून उत्परिवर्तन समजणार. ‘जनुकांच्या अभिव्यक्तीतला बदल’ हे लांबलचक वाटले तरी नेमके आहे.

मग ‘फैलाव’ आणि ‘आनुवंशिक’ एका वाक्यात कधीच येऊ नयेत का? येऊ शकतात, आणि इथेच मजा आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या सोहेल तवाझोई यांच्या प्रयोगशाळेने २०२० मध्ये एपीओई या जनुकाबद्दलचे काम प्रसिद्ध केले. याची ई२, ई३, ई४ अशी तीन रूपे माणसांत आढळतात आणि कोणते मिळणार ते आईबापांवर ठरते. माणसाचे ई४ दिलेल्या उंदरांत मेलॅनोमा सावकाश वाढला आणि कमी पसरला. ई२ दिलेल्यांत उलट. रुग्णांच्या नोंदींतही ई४वाल्यांची वाटचाल ई२वाल्यांपेक्षा बरी दिसली. ई४ म्हणजे तेच रूप, जे अल्झायमरचा धोका वाढवते म्हणून बदनाम आहे! इथे बदल गाठीत नाही, यजमान शरीरात आहे, जन्मापासून आहे, आणि त्याचा संबंध फैलावाशी आहे. ‘मेलॅनोमाच्या फैलावावर आनुवंशिक घटकांचाही प्रभाव पडतो’ हे वाक्य यावर टिकते. ‘आनुवंशिक बदलांमुळे होतो’ हे टिकत नाही; ‘प्रभाव पडतो’ आणि ‘मुळे होतो’ यांत पुष्कळ अंतर आहे.

‘उन्हामुळे जनुकीय बदल’ हेही सरसकट लिहू नये. भारतीयांत मेलॅनोमा कमी, पण होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा फारसा संबंध नाही. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये ३६व्या वर्षी गेले ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमाने. या प्रकारात बीआरएएफचा बदल कमी आणि केआयटी जनुकाचा त्या मानाने जास्त दिसतो. तोही कायिकच.

शब्द चुकला तर फटका कुठे बसतो तेही सांगतो. डॉक्टर ‘जेनेटिक टेस्ट’ लिहून देतात आणि घरचे तिचे मराठी ‘आनुवंशिक चाचणी’ करून मुलांच्या काळजीत पडतात. बायॉप्सीचा मेणाचा ब्लॉक (गाठीचा मेणात जपलेला तुकडा) मागितला असेल आणि बीआरएएफ पाहायचे असेल, तर ती गाठीची जनुकीय चाचणी. गोळ्यांचा उपयोग होईल का, हे त्यावरून ठरते. त्या बदलावर नेम धरणारे पहिले औषध, वेम्युराफेनिब, अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाले. रक्त किंवा लाळ घेऊन, घराण्यातल्या रोगांची यादी विचारून सीडीकेएन२ए तपासायचे असेल, तर ती आनुवंशिक चाचणी, आणि तिचा निकाल भावंडांना व मुलांनाही लागू पडू शकतो.