नाव कंपनीचं, विमान दुसऱ्याचं

मागच्या अंकात विमान कंपनीच्या ताळेबंदावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग लागला. नव्या वाचकांसाठी: मी चौदा वर्षं एका विमान कंपनीच्या हिशेब खात्यात होते. ती कंपनी आता उडत नाही. नाव सांगणार नाही. माझा स्वतःचाच पगार तिथे थकलेला आहे, त्यामुळे माझ्या मताला तेवढी कडू चव असणार हे धरून चाला.

प्रश्न : मुलाने चार महिन्यांनंतरची पाच तिकिटं सेलमध्ये काढली. आता ती कंपनी डबघाईला आल्याच्या बातम्या येताहेत. कंपनी म्हणते, सगळं सुरळीत आहे. तिकिटं ठेवू की रद्द करू? (एक वाचक, सांगली)

आधी ‘सुरळीत’ या शब्दाबद्दल. गो फर्स्ट या विमान कंपनीने २ मे २०२३ला दिवाळखोरीसाठी स्वतःहून अर्ज केला, तेव्हा उड्डाणं सुरुवातीला तीन दिवसांसाठीच रद्द केली होती. मग तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे. ती विमानं प्रवाशांना घेऊन परत उडालीच नाहीत. ‘सगळं सुरळीत’ म्हणणाऱ्या पत्रकावर सही करणाऱ्याच्या मनात खोट असते असं नाही. पैसे येतील असं त्याला खरंच वाटत असतं. आम्हालाही वाटायचं.

आता सेलबद्दल. तुम्ही चार महिने आधी दिलेले पैसे कुठे तिजोरीत ठेवलेले नसतात. हिशेबात त्यांना ‘अनअर्न्ड रेव्हेन्यू’ म्हणतात, म्हणजे अजून न कमावलेलं उत्पन्न. धडधाकट कंपनीला त्याने काही फरक पडत नाही. अडचणीतली कंपनी मात्र या पैशावरच आजचा दिवस काढते. तुमच्या पाच तिकिटांचे पैसे बहुधा त्याच आठवड्यात कुठल्यातरी विमानाच्या टाकीत गेले. ऐन सुट्टीच्या हंगामाची तिकिटं कोणी फार स्वस्त विकू लागलं, की मला ते प्रवाशांकडून घेतलेलं बिनव्याजी कर्ज दिसतं.

आमच्या शेवटच्या हिवाळ्यात तेल कंपनीने उधारी बंद करून आम्हाला ‘कॅश अँड कॅरी’वर टाकलं, म्हणजे आधी पैसे, मग तेल. रोज सकाळी मी बँकेतून आरटीजीएसने पैसे पाठवायचे आणि त्याचा यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर, तेल कंपनीच्या माणसाला एसएमएस करायचे. तो नंबर पोचेपर्यंत इंधनाचा टँकर (बाउझर) पंखाखाली नुसता उभा, पाइप गुंडाळलेला. प्रवाशांना माइकवर सांगायचे, ‘ऑपरेशनल कारणामुळे विलंब’. ते ऑपरेशनल कारण म्हणजे मी, फोन कानाला लावून बँकेतल्या माणसाच्या मागे लागलेली.

तेव्हा बातम्यांपेक्षा विमानांकडे बघा. तुमच्या मार्गावर दिवसाला तीन उड्डाणं होती, त्याची दोन झाली का? दोन उड्डाणांचे प्रवासी एकाच विमानात घालताहेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांनी अलीकडे तिकीट रद्द केलं त्यांना परतावा किती दिवसांत मिळाला? एका आठवड्याचे तीन आठवडे झाले असतील तर माझं उत्तर सरळ आहे: रद्द करा, रद्द करण्याचं शुल्क सोसा, उरलेले पैसे येत असतील तोवर घ्या. परतावा अजून वेळेवर येत असेल तर थांबायला हरकत नाही, कारण कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केलं तर पूर्ण पैसे मागता येतात. मात्र ते ‘क्रेडिट शेल’मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा, असे घेऊ नका. बुडत्या कंपनीकडे जमा ठेवलेली रक्कम म्हणजे आणखी एक बिनव्याजी कर्ज.

मुलाने क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर तुमची बाजू बरी आहे. उड्डाणं बंद पडली की कार्ड देणाऱ्या बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागा, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत मागा. कारण लिहा ‘सेवा मिळाली नाही’. याला मुदत असते. साधारणपणे प्रवासाच्या ठरलेल्या तारखेपासून १२० दिवस धरतात, पण बँकेला विचारून घ्या आणि कंपनी पैसे देईल म्हणून वाट बघत ती मुदत घालवू नका. यूपीआयने भरले असतील तर मात्र रिझोल्युशन प्रोफेशनलकडे (दिवाळखोरीत कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस) दावा लावून रांगेत उभं राहायचं, आणि त्या रांगेत प्रवासी फार मागे असतो. प्रवास विमा काढला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कंपनीच्या दिवाळखोरीचं संरक्षण पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच ते आहे.

प्रश्न : अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्या दिवाळखोरीत जाऊनही उडत राहिल्या आणि सावरल्या. मग आपल्याकडे दिवाळखोरी म्हणजे थेट कुलूप, असं का? (एक निवृत्त शिक्षक, अमरावती)

सर, हा प्रश्न आमच्या कँटीनमध्ये रोज व्हायचा. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. युनायटेड डिसेंबर २००२मध्ये दिवाळखोरीत गेली आणि फेब्रुवारी २००६मध्ये बाहेर आली. डेल्टा २००५मध्ये गेली, २००७मध्ये आली. अमेरिकन एअरलाइन्स नोव्हेंबर २०११ ते डिसेंबर २०१३. प्रवाशांना फारसा पत्ताही लागला नाही.

लोक याचं श्रेय त्यांच्या कायद्याला देतात. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकन एअरलाइन्स कोर्टात गेली तेव्हा तिच्याकडे सुमारे ४ अब्ज डॉलर रोख होते. पाहा, कंपनी दिवाळखोर आणि खिशात ४ अब्ज! त्या कंपन्या पैसे असताना कोर्टात जातात, म्हणजे तेलवाला, विमानतळ आणि विमानाचा मालक या सगळ्यांना रोजचे पैसे मिळत राहतात. आपल्याकडे टाकी कोरडी पडल्यावर वकील शोधायला निघतात. जेट एअरवेजचं शेवटचं उड्डाण १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. बँकांचा दिवाळखोरीचा अर्ज एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, दाखल करून घेतला तो २० जूनला. मधल्या दोन महिन्यांत वैमानिक दुसरीकडे गेले, विमानतळांवरचे स्लॉट, म्हणजे उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या ठरलेल्या वेळा, दुसऱ्यांना मिळाले. पाच वर्षं पुनरुज्जीवनाची चर्चा चालली आणि ७ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढायचा, म्हणजे असेल ते विकून देणी भागवून बंद करायचा, आदेश दिला.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. विमानावर नाव कंपनीचं रंगवलेलं असतं, पण विमान बहुतेकदा तिचं नसतं. माझ्या टेबलावर भाडेपट्ट्याच्या फायली असत. एका विमानाचा सांगाडा आयर्लंडमधल्या एका कंपनीचा आणि त्यावरचं एक इंजिन तिसऱ्याच कोणाचं, असंही असायचं. भाडं डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. रुपया घसरला की त्या दिवशी एकही सीट रिकामी नसली तरी आम्ही तोट्यात.

साखर कारखाना बुडाला तर कारखाना जागेवर राहतो. धनको त्याला कुलूप लावतो, विकतो, नवा मालक बॉयलर पेटवतो. विमान कंपनी बुडाली तर उरतं काय? परवाने, काही सुटे भाग, संगणक, टेबलखुर्च्या आणि देणी.

आपल्या २०१६च्या दिवाळखोरी कायद्यात कलम १४ची स्थगिती आहे. ती लागू झाली की कंपनीच्या ताब्यातली वस्तू कोणाला नेता येत नाही. गो फर्स्टच्या वेळी ती लागू झाली आणि परदेशी मालकांची विमानं इथे अडकून पडली. उभं विमान म्हणजे दारात उभी केलेली गाडी नव्हे. त्याची सतत देखभाल लागते, नाहीतर ते झपाट्याने खराब होतं. ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं या स्थगितीतून वगळली. एप्रिल २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, गो फर्स्टच्या विमानांची नोंदणी कामकाजाच्या पाच दिवसांत रद्द करायला सांगितलं. मग मालक ५४ विमानं न्यायला मोकळे झाले, आणि जानेवारी २०२५मध्ये गो फर्स्टही अवसायनात गेली. त्याच वर्षी संसदेने केपटाउन या आंतरराष्ट्रीय करारानुसार विमानमालकांच्या हक्कांचा वेगळा कायदाही केला.

माझ्या मते हा बदल योग्य आहे. मालकाला विमान परत मिळण्याची खात्री नसेल तर तो पुढच्या भारतीय कंपनीला जास्त भाडं लावणार, आणि ते तुमच्या तिकिटातूनच वसूल होणार. पण याचा अर्थ असाही होतो की यापुढे आपल्याकडे कंपनी कोर्टात जाईल आणि कदाचित थोड्याच काळात विमानं देशाबाहेर. अमेरिकेतही भाडं थकलं तर मालकाला विमान नेता येतं. तिथे फक्त ते थकू दिलं जात नाही.

प्रश्न : अशा कंपनीचा शेअर खूप खाली आला आहे. नवा मालक आला की दामदुप्पट होईल, असं भाचा म्हणतो. घेऊ का? (एक वाचक, पुणे)

नको. भागधारकाचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. अगदी प्रवाशाच्याही मागे. भाच्याने स्वतः किती घेतलेत ते विचारा.

प्रश्न : माझे पती एका विमान कंपनीत तंत्रज्ञ आहेत. तीन महिने पगार नाही. सोडलं तर थकलेलं बुडेल म्हणून ते थांबलेत. थांबणं बरोबर आहे का? (एक वाचक, पनवेल)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नोकरी सोडल्याने कमावलेला पगार बुडत नाही. दावा राजीनामा दिलेल्यालाही करता येतो. थांबल्याने फक्त थकलेला आकडा वाढतो. आम्ही सहा महिने थांबलो, आणि ‘पुढच्या सोमवारी’ हे शब्द मला अजून ऐकवत नाहीत.

कंपनी अवसायनात गेलीच तर त्याच दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३प्रमाणे आधी प्रक्रियेचा खर्च भागवतात. त्यानंतर कामगारांचं मागच्या २४ महिन्यांचं देणं तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने येतं. इतर कर्मचाऱ्यांचं १२ महिन्यांचं, त्यांच्या मागून. म्हणून तुमचे पती ‘कामगार’ ठरतात का, हे महत्त्वाचं. कंपन्या नेमणूकपत्रावर ‘ऑफिसर’ लिहितात, पण तेवढ्याने ठरत नाही. प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतात. हातात पाना धरणाऱ्या माणसाने तो मुद्दा सोडू नये. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी बाजूला राहतो, तो धनकोंमध्ये वाटला जात नाही. पण पीएफ कापला आणि भरलाच नाही, असंही घडतं. आज रात्रीच पासबुक उघडून शेवटचा भरणा कोणत्या महिन्याचा आहे ते पाहा. आयकराचं तसंच. पगारातून कापलेला कर कंपनीने भरला नाही तरी तो पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही, मात्र कापल्याचा पुरावा तुमच्याकडे हवा. पगारपत्रकं कंपनीच्या पोर्टलवर असतील तर उतरवून घ्या. आमचं पोर्टल एका रविवारी बंद पडलं. सर्व्हरचं भाडं दिलं नव्हतं.

आणि पैशांहून आधी लॉगबुक. परवान्याच्या परीक्षेसाठी तंत्रज्ञाने केलेल्या कामांची नोंद त्यात असते आणि प्रत्येक नोंदीवर अधिकृत माणसाची सही लागते. कंपनी रिकामी होते तेव्हा चांगले इंजिनिअर आणि क्वालिटी मॅनेजर पहिले जातात, कारण त्यांना बाहेर मागणी असते. आमच्या हँगरमधल्या एका मुलाच्या दोन वर्षांच्या नोंदी सहीविना राहिल्या. सही करणारे साहेब आखातात गेले होते. तो मुलगा वही घेऊन त्यांच्या सुट्टीत त्यांच्या गावापर्यंत गेला. साहेबांनी चहा पाजला, पण सही केली नाही. आता त्या कंपनीच्या वतीने सही करायचा त्यांना अधिकारच उरला नव्हता.

पतींना सांगा, या आठवड्यात सगळ्या सह्या घ्या, मग राजीनामा. जाताना लॉकरची किल्ली परत करून तिचीही पावती घ्या. आमच्याकडे काही जणांचं नो ड्यूज, म्हणजे कंपनीचं काही देणं बाकी नसल्याचं पत्र, त्याच किल्लीवर अडकलं होतं.