दोन शहरांमधलं हवाई अंतर कसं मोजायचं? तीन ठिकाणी तीन वेगळे आकडे का दिसतात?

तुम्हाला दिसलेले तिन्ही आकडे बरोबर असू शकतात. एकाने शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं असेल, दुसऱ्याने विमानतळापासून विमानतळापर्यंत, आणि तिसऱ्याने विमान प्रत्यक्ष जितकं उडालं तितकं. मी कायम दुसरं अंतर धरतो. काही मोठ्या शहरांना तीन-चार विमानतळ असतात, त्यामुळे ‘शहराचा मध्य’ धरून प्रवासाचं अंतर नीट कळत नाही. आधी एककही बघून घ्या: नॉटिकल मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा. निम्मे घोळ इथेच होतात.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मात्र मोजू नका. माद्रिद आणि न्यूयॉर्क जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, त्यामुळे नाक पश्चिमेला धरून सरळ जाणं सर्वांत जवळचं वाटतं. तसं गेलं तर सुमारे ५९४० किमी पडतात. उत्तरेकडे वळून जाणारा मार्ग नकाशावर लांबचा दिसतो, पण तो आहे सुमारे ५७७० किमीचा! पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा, तो आपोआप याच वाटेवर बसतो. यालाच बृहद्वृत्त म्हणतात, आणि हवाई अंतर म्हणजे या वृत्तावरचं अंतर.

स्वतः काढायचं असेल तर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घ्या (दक्षिण आणि पश्चिम ऋण). दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार करून त्यात मिळवा. बेरजेचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹) अंशांत काढा आणि १११.१९ ने गुणा. आलं किलोमीटरमधलं अंतर. एकदा हाताने करून बघाच, फार समाधान मिळतं. यात पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरली आहे. ती ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. घाई असेल तर गूगल मॅप्समध्ये ‘अंतर मोजा’ वापरा, फक्त टोकं विमानतळांवर ठेवा.

विमान मात्र याहून जास्तच उडतं. उड्डाण आणि उतरण्याचे ठरलेले मार्ग, वादळं, वारे, बंद हवाई हद्दी, सगळ्यांचा हिशेब त्यात येतो. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी-टोकियो हा साधारण साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. शहरांमधलं अंतर होतं तेवढंच राहिलं. अशा मोठ्या वळशांना कुठलंच सूत्र पुरत नाही. एरवीच्या अंदाजासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणनेतली पद्धत मला सोयीची वाटते: अंतर ५५० किमीच्या आत असेल तर ५० किमी मिळवायचे, ५५०० पर्यंत १००, आणि त्यापुढे १२५.