तक्ता मिटा आणि जूनच्या आत पुणं गाठा

ताई, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. हे दोन वर्षांपासून पुण्यात नोकरीला आहेत. हडपसरला खोली घेऊन राहतात, शनिवारी रात्री हुतात्मा एक्सप्रेसने येतात, सोमवारी पहाटे निघतात. आता त्यांना हैदराबादहून जास्त पगाराची नोकरी आली आहे. मुलगी पहिलीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. भाडं, शाळेची फी, पाणी, प्रवास असा दोन्ही शहरांचा तक्ता मी वहीत केलाय. घरी आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे हैदराबाद जड जाणार नाही. ते ठरलं तर हे आधी सहा महिने एकटे जाऊन बघणार. सासूबाई ठणठणीत आहेत, म्हणतात, तुम्ही जा. हे बिचारे प्रवासाने फार दमतात, धाकटा तर रविवारी दुपारपर्यंत त्यांच्याकडे जातच नाही, मग रमतो. दिवाळीनंतर ठरवू म्हटलं, मग जानेवारीतली गड्डा यात्रा झाली की ठरवू म्हटलं, अजून ठरत नाही. कुठे जाऊ?

तुमचा तक्ता मी सगळा वाचला. मेहनतीने केलाय. पण धाकट्याचं ते वाक्य तुम्ही यजमानांच्या दमण्याला जोडून लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. मला पुढे जाता आलं नाही.

जरा हिशेब करा. हुतात्मा सोलापुरात पोहोचते रात्री दहाच्या सुमारास. तोवर तीन वर्षांचं पोर झोपलेलं असणार. रविवारी सकाळी डोळे उघडतो तर घरात एक पुरुष चहा पीत बसलेला. हा आजीच्या पदराआडून त्याला बघत राहतो. हाक मारली की आत पळतो. जेवणं होईपर्यंत हेच. मग कुठे हळूहळू जवळ येतो, मांडीवर बसतो. तेवढ्यात दिवस कलतो, आणि पहाटे तो झोपेत असतानाच वडील निघून जातात. त्या बाळाच्या वाट्याला आठवड्याला एक संध्याकाळ येते. तो वर्षाचा होता तेव्हापासून असंच चाललंय. दर रविवारी तो बापाची ओळख पहिल्यापासून करून घेतो, आणि तुम्ही लिहिता, "मग रमतो".

या वयात मुलाला बाप कळतो तो रोजच्या कामांतून. अंघोळ कोण घालतं, घास कोण भरवतं, रात्री ताप चढला तर खांद्यावर घेऊन कोण फिरतं. रविवारच्या खेळण्यांनी हे होत नाही.

यजमानांच्या दगदगीवर मी काही लिहिणार नाही. हडपसरमध्ये दोन खोल्या घ्यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं. आणि तुम्हालाही सांगते, दिवाळी, गड्डा, आता बहुतेक पहिलीची परीक्षा, अशी एकेक तारीख पुढे ढकलायला तुम्हाला तो तक्ता उपयोगी पडला. सासूबाई स्वतः जा म्हणताहेत. अजून कुणाच्या परवानगीची वाट बघताय?

तुम्ही पुण्याला जा. याच जूनच्या आत.

पुण्यालाच का, तर वडील आजच तिथे आहेत. हैदराबाद म्हणजे आधी सहा महिने ते एकटे. नवी नोकरी, नवे साहेब, मग "अजून थोडं स्थिरावू दे", आणि सहाचं वर्ष होतं. शिवाय सोलापुराहून पुणं अडीचशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशेच्या पुढे, म्हणजे दर आठवड्याला येणं आणखीच अवघड. तोवर धाकटा बालवाडीत जायला लागेल. ही सहा महिन्यांची गोष्ट तुम्हीच लिहिलीत, तक्त्यात मात्र तिला रकाना नाही.

भाषेचा मुद्दा मला पटण्यासारखा वाटला होता. पण घरात तेलुगू बोलणं वेगळं, शाळेत लिहिणं वेगळं. तेलंगणात २०१८ च्या कायद्याने पहिली ते दहावी तेलुगू सक्तीचं आहे, मंडळ कोणतंही असो. महाराष्ट्रात मराठीचा तसाच कायदा २०२० मध्ये झाला. मुलगी आत्ता कुठे मराठी जोडाक्षरांपर्यंत आली असेल. दुसरीत तिला वेगळी लिपी पहिल्या अक्षरापासून गिरवायला लावायची आणि त्याच वर्षी वर्गही नवा, मैत्रिणीही नव्या? आजीला तेलुगू वाचता येत असेल तर सुट्टीत आजीच शिकवेल. तीही भाषा तिला यायलाच हवी.

पाण्याचं तर तुम्ही मनातही आणू नका. मांजरी-फुरसुंगीकडे टँकर येतात हे खरंय, पण काही दिवसांआड येणाऱ्या पाण्यावर पिंप, घागरी, कळशा भरून घर चालवणाऱ्या सोलापूरच्या बाईला टँकरची काय भीती!

आणि हे जन्माचं ठरवणं नाही. पुण्यात भाड्याचा करार बहुतेक अकरा महिन्यांचाच होतो. ते अकरा महिने चौघं एका छपराखाली राहा. पुढे हैदराबादची किंवा आणखी कुठली नोकरी आली, तर जायचं ते चौघांनी एकाच दिवशी, हे आत्ताच दोघांत बोलून घ्या.

या शनिवारी त्यांना येऊ देऊ नका. तुम्हीच मुलांना घेऊन हडपसरला जा आणि दोन दिवस घरं बघा. निघण्याआधी मुलीच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज देऊन ठेवा. घर बघताना अट एकच धरा, धाकटा झोपायच्या आत त्याचे वडील रोज घरी पोहोचले पाहिजेत. त्यासाठी भाडं दोन-तीन हजारांनी जास्त पडलं तरी द्या, फ्रीज-सोफा नंतर घेता येईल. आणि हैदराबादला काय कळवायचं ते यजमानांनी आज रात्रीच कळवू दे, सोमवारवर टाकू नका.